झाकण उघडू नको

वालूर, संक्रांतीनंतरचा बाजार, सन १९५४

रायभाना,

हे पत्र मी माझ्या हातानं लिहायलेय. मास्तरच्या सांजच्या वर्गात बाया जमतेत, तिथं गिरवून गिरवून इतकं जमायलंय. अक्षर वाकडं हाय, तसंच वाच. दुसऱ्याकडून लिहून घेतलं असतं तर तुझ्याआधी गावानं वाचलं असतं.

खुशाली विचारत न्हाई. जिता हायस हे मोटारवाल्याकडून कळलं. परभणीला ठेसनापाशी खानावळीत चुलीपुढं बसतोस म्हणं. बहिणीला एक कार्ड टाकायला मात्र तुला फुरसत न्हाई.

बानूची सोयरीक जमली. पोरगा देवगाव फाट्याच्या अलीकडचा. मेंढरं हायत, थोडी जमीन हाय, पोरगा खाली मान घालून बोलतो. सासू धुरपताबाई मात्र मान वर करून बोलती. पोरगी बघून झाली, पान खाल्लं, आन मग विचारली, "पोरीच्या पाठीशी मामा कोन ऱ्हाणार उभा?"

तुझे दाजी जमिनीकडं बघायले. ग्यानबा कारभारी बाजंवर बसले होते. जातीचा निवाडा त्यांचाच, तोंड बी त्यांचंच. ते म्हणले, "सख्खा मामा जातीबाहेर हाय. चुलतमामा उभा करू."

बानू आत भाकरी थापायली होती. पिठाच्या हातानंच बाहेर आली. म्हणली, "मला मामा हाय. तो न्हाई आला तर मी पाटावर उभी ऱ्हात न्हाई."

धुरपताबाई म्हणली, "लय जिभेची हाय की पोरगी."

मी म्हणले, "माझीच हाय."

पाहुणे गेल्यावर मी ग्यानबाला तोंडावर विचारलं. माझा भाऊ लढाईत धरला गेला, तारेतून निसटला, आफ्रिकेच्या वाळूत पाण्याबिगर पडला. तिथल्या मेंढरंवाल्यांनी उचलून तंबूत नेला. आपल्यासारखीच माणसं, काठी खांद्यावर आन मेंढरं पुढं. त्यांनी आपल्या गाडग्यातले हरभरे खाऊ घातले. मग काय मरायचं होतं का त्यानं?

तर म्हणले, "मरायचं कोन म्हणलं? खाल्लं ते खाल्लं. गावात येऊन सांगायचं कशाला?"

ऐक मग. ते म्हणायलेत, रायभानानं खंडोबापुढं भंडारा उचलून आण घ्यावी आन एकदा म्हणावं, की मी तिथं माझ्या हातानं शिजवून खाल्लं. झालं. मग जात ताटाला ताट लावील. तू लढाईवरून आलास त्या वर्साला बी हेच म्हणले होते आन तू भंडारा न उचलता निघून गेलास. आता पोरीचा सवाल हाय. लग्न अखितीच्या मागंपुढं धरलंय. ती हट्टाला पेटली आन सोयरीक मोडली तर दुसरं घर कोन देतंय तिला?

चार शब्द खोटं बोललास तर जीभ झडत न्हाई. ये.

तुझी अक्का,
भिवरा


वालूर, माघाचा शेवट

रायभाना,

तुझं कार्ड आलं. इतक्या वर्सांनी चार ओळी, त्यातल्या दोन न्हाई म्हणायला.

"त्या म्हातारीनं नातवाचं ताट माझ्यापुढं सरकवलं. मी जगलो. तिनं दिलंच न्हाई असं भंडारा उचलून मी म्हणणार न्हाई." लय मोठं लिहिलंस. वाचून मी कार्ड पिठाच्या डब्याखाली ठेवलं, मग काढून पुन्हा वाचलं, मग अजून राग आला. ती म्हातारी तिकडं वाळूत. तिला कळणार हाय का तू काय म्हणलास? बानू हितं हाय, डोळ्यापुढं.

तुझ्या दाजीला वाचून दाखवलं तर म्हणले, "खरं बोलायलाय गडी." मी म्हणले, "मग हे ग्यानबापुढं म्हणा." तर मेंढरं सोडायला गेले. दुपारच्याला कोन मेंढरं सोडतं?

आता दुसरं. बानू सारखी इचारती, मामा ते कसले हरभरे करायचा. तू आल्यावर एकदा केले होतेस, ती ल्हान होती, तरी तिच्या जिभेवर हायत. म्हून मी करून बघितले. उगं मनात काही आणू नको. पोरीसाठी केले.

हरभरे रातभर भिजवले. वाल बी भिजवले. गाडग्यात घातले, लसणाचे आख्खे गड्डे, जिरं, धने, लाल मिरची, करडीचं तेल. चिंचेचा कोळ बी घातला, तुझं कालवण आंबट होतं हे मला याद होतं. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात गाडगं पुरलं. सकाळी बघते तर हरभरे गोट्यावाणी. अजून जाळ घातला. सांजेला बी गोट्याच. तुझ्या दाजीचा दात दुखायला लागला. बानू हसून हसून लोळायली.

मला सांग काय चुकलं. आन झाकण कितीदा उघडायचं? मी घडीघडी उघडून बघितलं, तरी शिजले न्हाईत.

भंडाऱ्याचा इचार कर.

अक्का


वालूर, शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी

रायभाना,

जमलं. आंबट घालायचं ते सगळ्यात शेवटी, आधी घातलं तर हरभरा जन्मात मऊ होत न्हाई, असं तू लिहिलंस. भिजताना चिमूटभर पापडखार टाकायचा, मीठ बी मागून. आन झाकण जवारीच्या कणकीनं लिंपून टाकायचं, सकाळपस्तोर हात लावायचा न्हाई. तू लिहिलंस, "अक्का, तुला हेच जमायचं न्हाई." बरं. मी गाडग्याकडं पाठ करून झोपले. दोनदा उठले. हात लावला न्हाई.

सकाळी झाकण फोडलं तर लसूण लोण्यावाणी झालेला. शिळी भाकर कुस्करून वरून ते ओतलं, लिंबू पिळलं. गरम मसाला न्हाई, खोबरं न्हाई, मला वाटलं होतं फिकं लागंल. न्हाई लागलं. तुझ्या दाजीनं गाडगं बोटानं पुसून खाल्लं. शेजारीण वासानं आली, म्हणली, "कोणाचा नवस हाय?" मी म्हणले, कोणाचा न्हाई, हरभरे निघालेत नवे.

आता कामाचं सांग. असंच जर लय माणसांना करायचं असंल, गावजेवणाएवढं, तर कसं करायचं? गाडगी पुरणार न्हाईत. तुमच्या खानावळीत देग असंल, तांब्याची मोठी. ती किती माणसांना पुरंल? ती निखाऱ्यात पुरता येती का? चुलाण खणावं लागंल का? वाल किती, हरभरे किती? का इचारते ते इचारू नको.

धुरपताबाईचा सांगावा आलाय. अखितीच्या आत मामाचं काय ते ठरवा, न्हाईतर आमाला दुसऱ्या दोन पोरी सांगून आल्यात. बाटलेल्या मामाची भाची घरात आणली तर माझ्या चुलीवर कोन जेवंल, असं म्हणली म्हणं. बानूला हे सांगितलं न्हाई. पर तिला कळलंय. सांजच्याला मेंढरं वाड्यात घातल्यावर लय वेळ तिथंच बसती.

आन मला आता गप बसवत न्हाई. ग्यानबा जातीचे धनी झालेत. रझाकारीच्या वर्साला काय झालं ते मला माहीत हाय. गावात जाळपोळ सुरू झाली तवा हेच ग्यानबा मुसलमान पिंजाऱ्याच्या घरी कापसाच्या ढिगात लपले होते. त्यांच्या घरचा निरोप घेऊन दिवस बुडताना मीच गेले होते. दारातून बघितलं. पिंजारणीनं ताटली पुढं ठेवली आन ग्यानबांनी तिच्या हातची भाकर तिच्याच कालवणात बुडवून खाल्ली. वरून अजून मागितली. मी निरोप सांगितला आन परत आले. तवापासून ते माझ्याकडं सरळ बघत न्हाईत. मी कोणाला बोलले न्हाई. आता बोलणार. भर मांडवात बोलणार. बघू मग जात कोणाकोणाला बाहेर काढती.

अक्का


वालूर, पाडवा होऊन गेला

रायभाना,

तुझं पत्र वाचलं. ह्या बारीला लांब लिहिलंस. रागाला आलास की हात चालतो तुझा.

तू म्हणतोस, "पिंजारणीचं नाव काढलंस तर देग बी येणार न्हाई आन मी बी येणार न्हाई." तू म्हणतोस, "जिनं ग्यानबाला जगवलं तिचं नाव शिवीवाणी त्याच्या तोंडावर फेकू नको. मग त्यांच्यात आन आपल्यात फरक काय?" तू म्हणतोस असं वाकवून घेतलेलं ताट तुला नको.

तुला काय जातंय बोलायला. तू परभणीला. हितं मला रोज त्यांचं तोंड बघावं लागतं. परवा आडावर भेटले. म्हणले, "भिवराबाई, चुलतमामाला सांगितलं का?" माझ्या जिभेवर आलं होतं. दातांखाली धरलं. घागर अशी आपटली की बूड चेपलं.

बरं. न्हाई बोलणार. खंडोबाची आण घेते. पर मी एक करणार, आन त्याला तू न्हाई म्हणू नको. तू भंडारा उचलणार न्हाईस. ठीक. खोटं बोलणार न्हाईस. ठीक. मग वऱ्हाडाला तेच जेवण घालायचं जे तुला त्या म्हातारीनं घातलं. तुझ्याच हातानं शिजवलेलं. आन वाढायच्या आधी मी मोठ्यानं सांगणार की हे काय हाय आन कोणी केलंय. चोरून खाऊ घालणार न्हाई. ज्याला खायचं तो खाईल, ज्याला न्हाई तो उठंल. सगळं उघड्यावर. ते खाल्लं तर तू आत आलास. न्हाई खाल्लं तर सोयरीक बी मोडली आन आमी बी तुझ्यासंगं बाहेर. तुझ्या दाजीला हे सांगितलं तर त्यांना थंडी वाजायला लागली, ह्या उन्हात.

बानूला इचारलं. तिचं लग्न हाय, मोडलं तर तिचंच मोडणार. ती म्हणली, "हरभरे कवा भिजवायचे ते सांग."

लग्न अखितीच्या दुसऱ्या दिवशी. दुपारी वऱ्हाडाचं जेवण, गोरजाला अक्षता. देग कल्हई करून आण. मोटारीच्या टपावर टाक, पर दुसऱ्याच्या हाती देऊ नको. तू घेऊन ये. गावात येऊ नको, सरळ आपल्या मेंढराच्या वाड्यावर जा. चुलाण खणून ठेवते.

एकच काळजी हाय. तू मला झाकणाचं शिकवलंस. तोंडाचं झाकण मला कवाच ठेवता आलं न्हाई.

अक्का


वालूर, लग्नानंतर

रायभाना,

तू गाढव हायस. हे आधी लिहिते, मग बाकीचं.

तू आलास ते बरं केलंस. रातभर वाड्यावर देगीपाशी बसलास, बानू तुझ्याजवळ येऊन बसली, मी बघितलं. सकाळी तू म्हणलास, "अक्का, दुपारपस्तोर हात लावू नको, लोक बसल्यावरच फोड." मी म्हणले, "तू हितंच थांब. बोलवणं येईल." तू मान हलवलीस. तुझ्या मान हलवण्यावर मी इस्वास ठेवला.

आता ऐक, जे तू बघितलं न्हाईस.

देग बैलगाडीतून मांडवात आणली. पंगत बसली. वऱ्हाडाची माणसं, आपली माणसं, मधी ग्यानबा, त्यांच्या अलीकडं नवरदेवाचा बाप. बायांची रांग पलीकडं, पहिली धुरपताबाई. पत्रावळ्या मांडल्या, भाकरी कुस्करून झाल्या. तवा मी पदर खोचला आन मधी उभी राहिले. तुझे दाजी माझा पदर ओढायले. मी सोडवून घेतला.

मी म्हणले, "समद्यांनी ऐका. ह्या देगीत हरभरे आन वाल हायत. मटन न्हाई, दुसरं काही न्हाई. माझा भाऊ रायभान लढाईत मरायला टेकला होता तवा तिकडच्या मेंढरंवाल्या बाईनं त्याला हेच खाऊ घातलं. तिनं दिलं म्हून तो जिता हाय. आज त्यानं ते त्याच्या हातानं शिजवलंय. त्यानं काही लपवलं न्हाई, मी बी लपवत न्हाई. ज्याला चालतंय त्यानं जेवावं. ज्याला न्हाई त्यानं उपाशी उठावं, माझा राग न्हाई."

राग होता. पर असं म्हणले.

मग मी झाकण फोडलं. वास सुटला. मी पळीनं वाढत गेले, एकेकाच्या पत्रावळीवर. कोणी हात आडवा केला न्हाई आन कोणी घास बी उचलला न्हाई. समदे ग्यानबाकडं बघायले. धुरपताबाईनं तर हात मागं घेऊन मांडीखाली ठेवले. नवरदेवाचा बाप उठायच्या बेतात एक पाय सरळ करायला लागला. वाजंत्रीवाला सनईची पिपाणी पुसायला लागला तो पुसतच राहिला.

मी ग्यानबापुढं आले. वाढलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. इतक्या वर्सांत पहिल्यांदा सरळ बघितलं. त्यांना वाटलं आता मी बोलणार. मला बी वाटलं. पिंजारणीचं नाव माझ्या जिभेच्या टोकावर होतं, रायभाना, नुसतं तोंड उघडायचं बाकी होतं. समद्या वऱ्हाडापुढं. बानू आतल्या दारातून बघायली होती, हळदीचं अंग.

मी लिंबाची फोड त्यांच्या पत्रावळीवर ठेवली आन तिथंच उभी राहिले.

ग्यानबांनी लिंबू पिळलं. लय सावकाश. मग कालवलं. मग घास घेतला. चावला. दुसरा घेतला. समदा मांडव त्यांच्या जबड्याकडं बघायला लागला.

मग म्हणले, "मीठ कमी हाय."

एक पोरगं हसलं. मग कोणीतरी ओरडलं, "मीठ आणा रे!" आन पंगत जेवायला लागली. नवरदेवाच्या बापानं पाय आत घेतला. धुरपताबाईनं एक हात मांडीखालून काढला, मग दुसरा. तिनं दुसऱ्यांदा वाढून घेतलं, मग तिसऱ्यांदा, आन मला इचारली, "हा लसूण सोलून टाकला का आख्खा?" मी म्हणले, आख्खा. म्हणली, "मला वाटलंच."

जेवण झाल्यावर ग्यानबाच्या हातावर पाणी घालायला मीच गेले. हात धुता धुता हळू म्हणले, कोणाला ऐकू जाणार न्हाई असं, "पिंजारणीकडं बी लसूण असाच आख्खा होता." मी पाणी घालत राहिले. म्हणले, "तू बोलली न्हाईस." मी म्हणले, "पाणी वाया चाललंय, हात धुवा." त्यांनी धोतराला हात पुसले आन मोठ्यानं हाक मारली, "सटवाजी! मेव्हण्याला बोलव. पोरीच्या पाठीशी उभा करायचा हाय त्याला."

तुझे दाजी पळत गेले. तुझे दाजी, जे कवा पळत न्हाईत. मी बी गेले मागून.

वाड्यावर चुलाण राखेनं झाकलेलं. घोंगडी घडी करून दगडावर. तू न्हाईस. मेंढरं राखणाऱ्यानं सांगितलं, देग गाडीत चढवली आन लगेच मोटारीच्या रस्त्यानं गेलास. पंगत बसायच्या बी आधी. मला म्हणतोस झाकण उघडू नको, धीर धर. आन तूच आधी उठलास. तुला वाटलं खाणारच न्हाईत. मला वाटलं न्हाई होय? मला बी वाटलं. तरी मी उभी राहिले की.

गोरजाला अक्षतांची वेळ झाली. चुलतमामा पुढं यायला लागला, नवीन पटका बांधून. ग्यानबांनी काठी आडवी धरली. म्हणले, "ती जागा मोकळी ऱ्हाऊ द्या. त्या जागेचा माणूस हाय." बानू पाटावर उभी राहिली. पाहुण्यांपुढं दिलेला शब्द मोडून उभी राहिली असं समजू नको, तुझीच जागा तिच्या पाठीशी होती, दुसऱ्या कोणाची न्हाई. मंगळाष्टकं चालू असताना तिनं एकदा मागं वळून बघितलं. भटजी ओरडला. तिनं पुन्हा बघितलं.

मी रडले न्हाई. लिहून ठेवते, कोणी सांगितलं तर इस्वास ठेवू नको.

आता पुढचं, हे नीट वाच. पोरीला पहिल्यांदा माहेरी आणायला मुराळी जातो ना, तो भाऊ असतो. बानूला भाऊ न्हाई. ग्यानबांनी धुरपताबाईला समद्यांपुढं सांगितलं, मुराळी म्हून मामा येईल. धुरपताबाई म्हणली, "येऊ द्या. पर रिकाम्या हाती न्हाई. आमच्या गावाला बी ते हरभरे करून दाखवावं, मग पोरगी न्यावी." तिचा हट्ट हाय. माझ्यावरची निघाली, पोरीला जड जाणार न्हाई.

पौर्णिमेच्या आदल्या सांजेला ती हरभरे भिजत घालणार हाय. पौर्णिमेला तू देवगाव फाट्यावर उतर, तिथून पायी. नवरदेव घ्यायला येईल, खाली मान घालून उभा असंल, तोच. त्या म्हातारीचं सांगायचं असंल तर तिथं बी सांग, मोकळं सांग. देग माझ्याकडंच राहिली होती, ती जावयानं गाडीत घालून आधीच नेली. तुमच्या खानावळवाल्याला सांग, देग पाहिजे असंल तर रायभानाला सुट्टी दे.

मीठ ह्या बारीला नीट घाल. आन झाकणाजवळून हलू नको.

तू न्हाई आलास तर बानू दारात बसंल आन धुरपताबाईच्या घमेल्यात हरभऱ्याला मोड येतील. मी त्या मोडाची उसळ करून परभणीला ठेसनावर घेऊन येईन, आन तुला तुझ्या गिऱ्हाइकांपुढं उभं करून खाऊ घालीन. मी बोलते तसं करते, तुला माहीत हाय.

तुझी अक्का,
भिवरा